गरोदर मातांसाठीचा निधी: स्वतः खर्चावा की इतर गटांना अनुदान द्यावे? (सोलापूर)

उत्तरकसबा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी सोलापुरातील एका लहान सार्वजनिक विश्वस्त संस्थेचा खजिनदार आहे. पूर्वभागातील विडी वळणाऱ्या आणि यंत्रमागावर काम करणाऱ्या घरांतील गरोदर स्त्रियांना वेळेवर तपासणीला नेणे, प्रसूतीपर्यंत त्यांच्या संपर्कात राहणे आणि अडल्या वेळी वाहनाची सोय करणे एवढेच आमचे काम आहे. एक पूर्णवेळ परिचारिका आणि दोन अर्धवेळ कार्यकर्त्या यांच्यावर सगळा भार आहे.

या दिवाळीत एका कुटुंबाकडून आमच्या नेहमीच्या वार्षिक जमेपेक्षा मोठी देणगी आली. त्यावरून विश्वस्तांत दोन तट पडले आहेत. काहींचे म्हणणे असे की अक्कलकोट आणि मंगळवेढा तालुक्यांत काम करणाऱ्या दोन लहान संस्था व विडी घरकुलातील एक महिला मंडळ यांना अनुदान द्यावे, कारण त्या वस्त्यांमध्ये त्यांची ओळख आहे आणि आपल्याला ती मिळवायला दोन वर्षे लागतील. इतरांना वाटते की दुसऱ्याच्या हाती पैसा देऊन त्याच्या हिशेबाची जबाबदारी डोक्यावर घेण्यापेक्षा आपणच आणखी एक परिचारिका नेमावी.

माझी स्वतःची अडचण मात्र दिनदर्शिकेची आहे. हिशेबाचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि ३१ मार्चला मिटते, पण दिवस गेलेल्या बाईला त्याचे काय? डिसेंबरच्या मध्यास, बाराव्या आठवड्यात नाव नोंदवलेली स्त्री ३१ मार्चला सातव्या महिन्यात असते आणि जुलैच्या सुरुवातीस बाळंत होते. ज्या महिन्यात तिच्या घरी ओटीभरणाची तयारी चाललेली असते, नेमक्या त्याच महिन्यात अनुदानाचे खाते बंद करून उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामी खर्चल्याचा दाखला) द्यावे लागते. गेल्या वर्षी आम्हाला मिळालेल्या एका अनुदानाचा धनादेश ऑक्टोबरात आला आणि मार्चअखेर सर्व रक्कम खर्ची पडली पाहिजे अशी अट होती. नव्या नोंदी जानेवारीपासून थांबवाव्यात की नोंदवलेल्या स्त्रियांना एप्रिलमध्ये वाऱ्यावर सोडावे, असे आम्ही विचारले तेव्हा समोरून उत्तर आले नाही. आता देणाऱ्याच्या जागी आम्ही बसणार असू, तर अनुदानाची मुदत, हप्ते आणि हिशेब कसे ठरवावेत, यावर जाणकारांनी लिहावे ही विनंती.

ताळेबंद

खजिनदारसाहेब, मी काही वर्षे विश्वस्त संस्थांच्या लेखापरीक्षणाचे काम केले आहे, त्या अनुभवावर लिहितो. कलमे आणि नमुन्यांचे क्रमांक आयकर कायदा १९६१ मधले देत आहे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होत असल्याने त्या तारखेपासून हे क्रमांक बदलतात, तेव्हा त्यापुढील वर्षांसाठी आपल्या सीएंना विचारूनच ते वापरावेत.

सर्वप्रथम आपल्या संस्थेची घटना काढून उद्दिष्टांचे कलम वाचा. समान उद्दिष्टांच्या अन्य संस्थांना साहाय्य करण्याची तरतूद त्यात नसेल, तर चर्चा तिथेच थांबते आणि आधी घटनादुरुस्तीचा मार्ग धरावा लागतो. तरतूद असेल तर पुढचा प्रश्न आयकराचा येतो. कलम १२एबी खाली (करसवलतीसाठी) नोंदलेल्या संस्थेने वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के रक्कम हेतूसाठी खर्च केली पाहिजे, हे बहुतेक विश्वस्तांना माहीत असते. त्यांना ठाऊक नसते ते असे की आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीपैकी ८५ टक्केच खर्च म्हणून धरली जाते. उदाहरणापुरते उत्पन्न १० लाख रुपये धरा. ८.५ लाख खर्च दिसले पाहिजेत. आपण ४ लाख दुसऱ्या संस्थेला दिले, तर त्यातील ३.४ लाखच मोजले जातील आणि उरलेले ५.१ लाख स्वतःच्या कामावर खर्चावे लागतील. जुन्या नियमात ४.५ लाखांत भागले असते. दिलेल्या देणगीतल्या उरलेल्या १५ टक्क्यांवर कर बसतो, अशी एक भीती मध्यंतरी पसरली होती. प्रत्यक्ष कर मंडळाने मार्च २०२४ च्या परिपत्रकात ती दूर केली आहे.

दुसरा सापळा याहून मोठा आहे. दिवाळीत आलेली रक्कम यंदा खर्चत नसेल तर नमुना १० भरून ती पाच वर्षांपर्यंत ठरावीक हेतूसाठी साठवता येते, असा सल्ला आपल्याला कोणीतरी नक्की देईल. सल्ला बरोबर आहे, परंतु अशी साठवलेली रक्कम पुढे दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला देता येत नाही. दिली तर ती करपात्र उत्पन्न ठरते. म्हणून अनुदान द्यायचे असेल तर ते चालू वर्षाच्या उत्पन्नातून द्यावे आणि स्वतःच्या परिचारिकेसाठी लागणारा भाग साठवावा. नेमका उलटा व्यवहार करून पस्तावलेल्या संस्था मी पाहिल्या आहेत. फक्त पुढील एका वर्षापुरती सवलत हवी असेल तर नमुना ९ए चा पर्याय आहे. दोन्ही नमुने विवरणपत्राच्या मुदतीआत ऑनलाइन भरले गेले पाहिजेत. विश्वस्त मंडळाचा ठराव तारखेसह इतिवृत्तात असला पाहिजे.

चाटीगल्ली

मी कापडाचा व्यापारी आहे आणि अशा संस्थांना दर वर्षी थोडेफार देतो, म्हणून देणाऱ्याच्या बाजूने दोन शब्द लिहितो. कृपया राग मानू नये. आमच्या घरातून आजवर ओटीभरणाच्या कार्यक्रमाला साड्या, खारीक-खोबरे आणि शेंगदाण्याच्या लाडवांचे डबे दिले गेले. काय दिले, कोणाला मिळाले, ते डोळ्यांना दिसते. संस्थेच्या जमाखर्चात मात्र निम्म्याहून अधिक रक्कम पगार आणि प्रवास या सदरांत दिसते, तेव्हा प्रश्न पडतो की आपला पैसा गरोदर बाईपर्यंत पोहोचला की कार्यालयातच जिरला. आपण अनुदान दिल्यावर त्या तीन गटांचेही पगार त्यातून निघणार. मग एका रुपयातले किती पैसे त्या बाईच्या हाती पडतात?

सिस्टरबाई

चाटीगल्ली अण्णा, राग मुळीच नाही, प्रश्न रास्त आहे. मी पूर्वभागात परिचारिका म्हणून काम केले आहे. आपल्या साडीचे मोल मी कमी करत नाही; सातव्या महिन्यातली बाई त्या दिवशी हसते, हेही खरेच. परंतु पगाराच्या सदरात नेमके काय दडलेले असते ते सांगते.

गरोदर स्त्रीच्या रक्तातील हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय धरतात आणि ७ च्या खाली गेले की तो तीव्र मानतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. त्यावर उपाय म्हणून लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी रोज एक याप्रमाणे १८० दिवस द्यायची असते, आणि ती सरकारी केंद्रात विनामूल्य मिळते. संस्थेने त्या गोळ्या विकत घेण्याचे कारणच नाही. अडते ते पुढे. गोळीने मळमळते, शौचास काळे होते, बाई घाबरते आणि पुडके पत्र्याच्या डब्यात जाते. कोणी चहाबरोबर घेते, त्यामुळे लोह अंगी लागत नाही. दर आठवड्याला घरी जाऊन, डबा उघडून, गोळ्या मोजून, काळ्या शौचाची भीती घालवणारी बाई लागते. पूर्वभागात तिला तेलुगू आणि अक्कलकोटकडे कन्नड बोलता आले पाहिजे. तिचा पगार हाच इथे औषधोपचार आहे. जमाखर्चात तो प्रशासकीय खर्च म्हणून लिहिला गेला असेल तर चूक हिशेब लिहिणाऱ्याची आहे.

प्रवासाचेही तसेच. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त आणि घरून रुग्णालयात नेणे-आणणे विनामूल्य आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. तरीही कुंभारीच्या घरकुलातली बाई ९ तारखेला सिव्हिलला का जात नाही? कारण त्या दिवशी वळायच्या विड्या राहतात आणि कारखान्यात माल कमी भरला तर मजुरी कापली जाते. शिवाय साध्या तपासणीसाठी १०२ ची गाडी बोलवायची असते हेच तिला कोणी सांगितलेले नसते. बोलावली तरी वेळेवर येईल याचा तिला भरवसा नसतो. रिक्षाचे भाडे आणि बरोबर चालणारी एक जाणती बाई, एवढ्यावर अनेकदा काम होते. म्हणून अनुदान मागणाऱ्या गटाला मी एकच विचारीन: ९ तारखेला तुमच्याकडून किती जणी गेल्या आणि जी गेली नाही तिच्या घरी १० तारखेला कोण गेले?

चाटीगल्ली

सिस्टरबाई, गोळ्या मोजायला माणूस लागतो हे मान्य. पण मग हिशेबात ते तसे लिहून दाखवा, एवढीच अपेक्षा आहे. आमच्या दुकानातही कारागिराची मजुरी मालाच्या किमतीत धरतात, गादीवरच्या मुनिमाची वेगळी.

ताळेबंद

चाटीगल्ली यांनी नेमके सूत्र सांगितले. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालील अनुसूची नऊच्या जमाखर्च पत्रकात आस्थापना खर्च आणि विश्वस्त संस्थेच्या उद्दिष्टांवरील खर्च ही सदरे मुळातच वेगळी आहेत. उद्दिष्टांवरील खर्चात वैद्यकीय साहाय्य हे उपसदरही असते. घरभेटी करणाऱ्या परिचारिकेचा पगार, तिचे प्रवासभाडे आणि रुग्णासाठीचे रिक्षाभाडे उद्दिष्टांच्या सदरात लिहावे. हिशेबनिसाचे मानधन, कार्यालयाचे भाडे आणि लेखापरीक्षणाची फी आस्थापनेत. ज्या कार्यकर्तीचा अर्धा वेळ वस्तीत आणि अर्धा कार्यालयात जातो तिचा पगार हजेरीपत्रकावरून विभागावा. हे विभाजन वर्षाच्या सुरुवातीला ठरवावे; मार्चमध्ये आकडे सोयीने हलवले की लेखापरीक्षकाच्या लगेच ध्यानात येते.

आणखी दोन बारकावे. खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षात धरला जातो, त्यामुळे मार्चचा पगार एप्रिलमध्ये दिला तर तो पुढच्या वर्षात जातो. तसेच एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा अधिक रोखीने दिले, तर ती रक्कम हेतूसाठीचा खर्च म्हणून मान्य होत नाही.

भीमाकाठ

मी अनुदान घेणाऱ्यांच्या रांगेतला माणूस आहे, मंगळवेढ्याकडील एका छोट्या गटाचा. आमच्याकडे ऊसतोडीची कुटुंबे दिवाळीच्या आसपास बाहेर पडतात आणि हंगाम संपता संपता परत येतात. गाव सोडते वेळी चौथ्या महिन्यात असलेली बाई परतते तेव्हा नववा लागलेला असतो, आणि मधल्या काळात ती कोणत्या फडावर होती हे आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत सापडत नाही. तिचे माता बाल संरक्षण कार्ड तिच्या ट्रंकेत असले आणि तिच्याकडे आमचा फोन क्रमांक असला, तर काही करता येते.

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या देणगीदार संस्थेने आम्हाला नेमके याच कामासाठी दोन हप्त्यांत अनुदान मंजूर केले. पहिला हप्ता टोळ्या गाव सोडून गेल्यावर आला आणि दुसरा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. तो आठ दिवसांत खर्च करून दाखवा असा निरोप होता. आम्ही काय केले असेल ते सांगायला नको; चादरी घेतल्या आणि वाटल्या. फोटो छान आले. त्या वर्षी आमच्या यादीतल्या किती जणींची चौथी तपासणी झाली, हे कोणी विचारले नाही.

तेव्हा उत्तरकसबा यांना हात जोडून सांगणे असे की अनुदान सप्टेंबरात हातात पडले पाहिजे आणि त्याची मुदत निदान पंधरा महिन्यांची असली पाहिजे, म्हणजे शेवटी नोंदलेली बाई बाळंत होऊन तिच्या बाळाच्या पहिल्या लसी होईपर्यंत आम्ही तिच्या दारात जाऊ शकू. अहवाल दोन पानांचा पुरे. चौदा पानांचा अहवाल लिहायला आम्हाला जो माणूस लागतो, तोच वस्तीत जाणारा असतो.

विजापूररोड

मी पुण्यात एका कंपनीच्या सामाजिक दायित्व (सीएसआर) विभागात काम करतो, मूळचा सोलापूरचा. भीमाकाठ यांनी सांगितलेली मार्चची घाई कंपन्यांच्या पैशातही आहे, पण तिला कायद्यातच वाट आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारमानाच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्चावी लागते. संचालक मंडळाने प्रकल्प सुरुवातीलाच ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केला, तर तो सुरू झालेले वर्ष सोडून आणखी तीन वर्षे चालवता येतो; न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात ठेवावी लागते एवढेच. प्रकल्प तसा मंजूर केलेला नसेल, तर उरलेला पैसा सहा महिन्यांत कायद्याने नेमलेल्या निधीत भरावा लागतो आणि म्हणून अधिकारी मार्चमध्ये खर्च संपवण्याचा तगादा लावतात. प्रस्तावातच तीन वर्षांचा आराखडा मागून घ्या. आधी सीएसआर-१ ही नोंदणी करून ठेवा, तिच्याशिवाय कंपनी धनादेश लिहीत नाही.

एक सुचवावेसे वाटते. या देणगीतून फिरते सोनोग्राफी यंत्र घेतले तर तिन्ही भागांना उपयोग होईल.

सिस्टरबाई

सोनोग्राफीचा विचार सोडून द्यावा. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा १९९४ चा आहे. यंत्राची व जागेची नोंदणी, पात्र डॉक्टर आणि प्रत्येक तपासणीचा एफ नमुना या अटी पाळणे तीन कर्मचाऱ्यांच्या संस्थेच्या आवाक्यातले नाही. चूक झाली तर यंत्राला सील लागते आणि संस्थेचे नाव कायमचे जाते. बाईला सिव्हिलला किंवा डफरीन रुग्णालयात नेऊन तपासणी करून आणावी.

चाटीगल्ली

माझा एक पुतण्या अमेरिकेत असतो. त्याला या कामासाठी पैसे पाठवायचे आहेत. ते घेता येतील का? आणि गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर दानपेटी ठेवली तर?

ताळेबंद

पुतण्याकडे अजून भारतीय पारपत्र असेल आणि त्याने आपल्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने रक्कम पाठवली, तर ती विदेशी अंशदान मानली जात नाही. त्याने तिथले नागरिकत्व घेतले असेल तर विदेशी अंशदान विनियमन कायद्याखालील नोंदणी लागते, नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खाते उघडावे लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दुसऱ्या कोणत्याही संस्थेला पुढे देता येत नाही. तुमच्या अनुदानाच्या बेतात तो बसणारच नाही.

दानपेटीतील देणगीदारांची नावे नसल्याने ती निनावी देणगी ठरते. एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तिच्यापुढील निनावी देणगीवर ३० टक्के कर बसतो. यात्रेत पावतीपुस्तक घेऊन माणूस बसवा. नाव, पत्ता आणि पॅन लिहून घ्या. ८०जी ची (देणगीवरील) करसवलत हवी असणाऱ्याने २,००० रुपयांपेक्षा अधिक रोखीने देऊ नये, आणि ती सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते हेही त्याला आधीच सांगावे.

उत्तरकसबा (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. काल विश्वस्तांची सभा झाली, तिचा वृत्तांत देतो. आमच्या घटनेत समान उद्दिष्टांच्या संस्थांना साहाय्य करण्याचे कलम निघाले. अक्कलकोट आणि मंगळवेढा येथील संस्थांकडे १२एबी नोंदणी असल्याने त्यांना चालू वर्षाच्या उत्पन्नातून, ८५ टक्क्यांचा हिशेब आधी मांडून, अनुदान द्यायचे ठरले. हे पहिले वर्ष असल्याने पैसे उशिरा जाणार, म्हणून पंधरा महिने धनादेश वटल्याच्या तारखेपासून मोजायचे आणि मार्चअखेरीस केवळ मधला हिशेब घ्यायचा. पहिला हप्ता तीन चतुर्थांश, दुसरा दोन पानी अहवालानंतर. त्या अहवालात सिस्टरबाईंचा ९ आणि १० तारखेचा प्रश्न पहिलाच आहे. पुढील वर्षापासून ठराव ऑगस्टमध्ये व्हावा, असेही इतिवृत्तात लिहून घेतले.

विडी घरकुलातील महिला मंडळाकडे नोंदणी नाही. त्यांना देणगी दिल्यास ती खर्चात धरली जाईल असे गृहीत धरता येत नसल्याने त्यांच्यातल्या दोघींना आमच्याच हजेरीपटावर घेत आहोत. त्यांचे मानधन थेट आमच्या बँक खात्यातून जाईल. त्यासाठी लागणारी दोन वर्षांची रक्कम नमुना १० ने साठवणार आहोत. एका विश्वस्ताच्या मेहुणीचे खासगी रुग्णालय तपासण्यांसाठी सुचवले गेले होते. हितसंबंधाचा प्रश्न येतो म्हणून त्या विश्वस्तांनी स्वतःच ते नाव मागे घेतले.

एक शंका मात्र सुटलेली नाही. रिक्षावाले पावती देत नाहीत. लेखापरीक्षक पावती मागतात. रात्री दोन वाजता कळा येणाऱ्या बाईला घेऊन निघालेल्या कार्यकर्तीने काय करावे?

ताळेबंद

संस्थेचे स्वतःचे छापील रोख प्रमाणक (व्हाउचर) वापरा. त्यावर तारीख, वेळ, कोठून कोठे, रक्कम, रिक्षाचा क्रमांक, नेणाऱ्या कार्यकर्तीची सही आणि रिक्षाचालकाची सही किंवा अंगठा असावा. ५,००० रुपयांपर्यंतच्या पावतीला रसीदी तिकीट लागत नाही. चालक थांबला नाही तर कार्यकर्तीने दुसऱ्या दिवशी स्वतःच्या सहीने प्रमाणक करून अध्यक्षांची मंजुरी घ्यावी. महिन्याला अशी किती प्रमाणके चालतील याची मर्यादा ठरावात लिहून ठेवली, तर लेखापरीक्षक हरकत घेत नाहीत.

सिस्टरबाई

प्रमाणकावर बाईचे नाव आणि आजार लिहू नका, फक्त तिच्या कार्डाचा नोंदणी क्रमांक लिहा. ही कागदे पुढे कोणाकोणाच्या टेबलावरून जातात ते आपल्याला माहीत नसते. आणि कार्यकर्तीच्या पिशवीत सुट्टे पैसे आगाऊ द्यायला विसरू नका. रात्री दोन वाजता पाचशेची नोट कोणी मोडून देत नाही.